तारखेची मांडणी की तारखेचा निवाडा?

उत्साही : समजा काका, उदगीर तालुक्याच्या निजामकालीन नोंदवह्या उतरवून एक्सएमएलमध्ये भरल्या. प्रत्येक नोंदीला टॅग लागले : गाव, खातेदार, जमिनीचा नंबर, तारीख. भरणारा माणूस वहीच्याच क्रमाने भरणार. आधी साल, सालाखाली गाव, गावाखाली नोंदी. शोधायला येणारा मात्र नेमका उलट्या बाजूने येतो. त्याला गाव ठाऊक असतं, पणजोबांचं नाव ठाऊक असतं, साल तेवढं ठाऊक नसतं. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मराठवाड्यातली किती माणसं निजामकालीन नोंदींच्या मागे आहेत, हे तुम्हाला मी काय सांगणार? त्यांच्यासाठी रचना उलटवायला हवी : गावाखाली घराणं, घराण्याखाली तारखा. हाताने करायचं म्हटलं तर जन्म जाईल. एक्सएसएलटीची, म्हणजे एक्सएमएलची रचना बदलणाऱ्या भाषेतली, एक स्टाइलशीट लिहिली की ती हजारो नोंदींना लागू होते. तिच्यातलं प्रत्येक टेम्प्लेट एवढंच सांगतं, की असा टॅग दिसला तर त्याचं असं कर. आणि एक सर्वसाधारण टेम्प्लेट ठेवायचं, की बाकी जे सापडेल ते जसंच्या तसं पुढे सरकव. मूळ फाइलीला हातही लागत नाही. शेजारी नवी फाइल तयार होते. यात कुणाचं काय बिघडलं?

साशंक : अगं, वही ज्या क्रमाने लिहिली तो क्रम हाच अर्धा पुरावा असतो. पटवारी सलग लिहीत जायचा. एका नोंदीला तारीखच नाही, पण वरच्या ओळीला खुर्दाद महिना आहे आणि खालच्या ओळीला तीर, तर मधली ओळ कधीची ते आम्हाला सांगावं लागत नाही. कुठे ‘वरीलप्रमाणे’ म्हणून पटवारी मोकळा झालेला असतो. ते ‘वरील’ म्हणजे काय, हे वर बघितल्याशिवाय कसं कळणार? लागोपाठच्या चार नोंदी एकाच कुळाच्या निघाल्या तर वाटणी झाली असावी असा अंदाज बांधता येतो. तुझ्या स्टाइलशीटने या ओळी उचलून चार घराण्यांत टाकल्या, की प्रत्येक ओळ एकटी पडली. नाव आहे, नंबर आहे, पण शेजार गेला. मूळ फाइल शाबूत आहे हे खरं, पण ती उघडतो कोण? शोधणाऱ्याला गावाची यादी मिळाली की तो तिथेच थांबतो. कागदाचं रक्षण केलं म्हणतेस, पण वाचणाऱ्याच्या नजरेतून त्याला बाजूला सारलंस, त्याचं काय?

उत्साही : शेजार नेणं न नेणं हे लिहिणाऱ्याच्या हातात आहे. उलटवण्याआधी प्रत्येक नोंदीवर तिचं मूळ स्थान टाकायचं : कोणती वही, कोणतं पान, कितवी ओळ. दस्तऐवजातला क्रम एक्सएमएलमध्ये कायम असतो आणि तो मोजता येतो. मग नव्या रचनेतली ओळ एकटी पडली तरी तिला आपलं घर ठाऊक असतं. पूर्वी असं उलटवणं अवघड होतं, ते मान्य. एक्सएसएलटीच्या १९९९ च्या पहिल्या आवृत्तीत गट पाडण्याची सोयच नव्हती. स्टीव्ह म्यूंक यांच्या नावाने ओळखली जाणारी, ‘की’ म्हणजे किल्ली लावण्याची युक्ती वापरावी लागायची, आणि ती वाचून कुणाला काही कळायचं नाही. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गटांसाठी वेगळी सूचनाच आली : या नोंदी घे, गावाप्रमाणे गट कर, गटात तारखेने लाव. तीन ओळींत काम. तुमच्या बिनतारखेच्या नोंदीबद्दल एक खाचखळगा मात्र मीच सांगते. क्रम लावताना जिथे तारीख रिकामी असते ती नोंद यादीत सगळ्यात वर जाऊन बसते, जणू ती सर्वांत जुनी. न सांगता बसते. म्हणून अशा नोंदींचा गट आधीच वेगळा काढायचा आणि त्यावर ‘तारीख नाही’ असं स्पष्ट लिहायचं.

साशंक : बरं, गावाप्रमाणे गट कर म्हणालीस. गाव कोणत्या जिल्ह्याखाली घालणार? तू उदगीरचं नाव घेतलंस म्हणून विचारतो. १३५७ फसलीच्या, म्हणजे निजामाच्या महसुली सालाच्या, कागदावर उदगीर बिदर जिल्ह्यात आहे. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदरमधून निघून उस्मानाबादेत आले. १९८२ ला लातूर जिल्हा झाला, उदगीर तिकडे गेलं. मागे राहिलेल्या उस्मानाबादचंही आता धाराशिव झालं. तुझ्या फाइलीत उदगीर लातूरखाली दिसलं, तर निजामाच्या काळात नसलेला जिल्हा कागदावर चढला. बिदरखाली दिसलं, तर आजचा माणूस तिथे शोधायला जाणारच नाही. गावांच्या नावांचं तर विचारूच नको. उर्दूत लिहिलेलं नाव नुक्त्याअभावी तीन प्रकारे वाचता येतं. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नाही. गट पाडायचा म्हणजे ‘ही दोन नावं एकाच गावाची’ असा निकाल द्यायचा. तो निकाल तुझं यंत्र देत नाही, तूच देतेस. आणि एकदा दिलास की गटाच्या मथळ्याखाली तो गडप होतो.

उत्साही : म्हणूनच निकाल स्टाइलशीटच्या पोटात ठेवायचा नाही. गावांचा तक्ता वेगळ्या फाइलीत : हे गाव, या सालापासून या सालापर्यंत या जिल्ह्यात, आणि कागदावर असं असं लिहिलेलं सापडतं. स्टाइलशीट तो तक्ता वाचते आणि गट पाडते. तक्त्यात चूक निघाली तर एका ठिकाणी दुरुस्त केली की सगळ्या नोंदी पुन्हा लागतात. कारकुनाच्या डोक्यातला निकाल असा दुरुस्त करता येतो का? तारखांचंही तेच. आज प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. टॅलीतून एक्सएमएल काढा, तारीख आठ आकड्यांत सलग येते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये रेघसुद्धा नाही. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची एक्सएमएल फाइल उघडा, तिथे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. ०३-०४ म्हणजे मार्चची चार की एप्रिलची तीन, यावरून हिशेब अडतात. एक्सएसएलटीच्या दुसऱ्या आवृत्तीपासून तारीख ही खरोखरची तारीख म्हणून वागवता येते. नुसती अक्षरं कापत बसावं लागत नाही. आत सगळीकडे वर्ष-महिना-दिवस हा एकच आंतरराष्ट्रीय साचा, आणि बाहेर दाखवताना ज्याला जसं हवं तसं. नमुन्यात देवनागरी एक लिहिला तर आकडेही देवनागरीत उमटतात.

साशंक : आजच्या तारखांचं ठीक आहे. तिथे दिवस नक्की असतो, फक्त पोशाख बदलायचा. आमच्या कागदांत दिवसच नक्की नसतो. फसली साल घे. निजामाच्या राज्यात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याने उघडायचं, आणि आबानने मिटायचं. सरकारी अहवालांत वर्ष ६ ऑक्टोबर ते ५ ऑक्टोबर असं धरलेलं दिसतं. म्हणजे इसवी सन काढायला पहिल्या तीन महिन्यांसाठी फसलीत ५९० मिळवायचे आणि जानेवारी उजाडला की ५९१. १७ सप्टेंबर १९४८, हैदराबादची शरणागती, हा दिवस आबान १३५७ मध्ये पडतो. नवं साल लागायला तीन आठवडेही उरले नव्हते. आता कुणी सरसकट ५९० मिळवले, की आबानमध्ये जन्मलेलं पोर १९४७ चं झालं, एका वर्षाने थोरलं. दुसरा सापळा याहून वाईट. आबान, आजूर, खुर्दाद ही नावं इराणच्या पंचांगातही आहेत. इराणी आबान ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो, आपला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. कुणी सालाची बेरीज हाताने केली आणि महिन्यांसाठी इराणी पंचांगाची तयार संगणकीय लायब्ररी जोडली तर नावं तंतोतंत जुळतील, एकही चूक दिसणार नाही, आणि प्रत्येक तारीख दीड-पावणेदोन महिने सरकलेली असेल. जुळत नाही ते उत्तर माणूस तपासतो. जुळलेलं कोण तपासणार?

उत्साही : तुम्हाला एक गंमत सांगते. एक्सएसएलटीच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रमाण नियमावली लिहिणाऱ्यांनी हा विचार केलेला आहे. तारीख मांडणाऱ्या फंक्शनला, फॉरमॅट-डेटला, पंचांग सांगता येतं आणि पंचांगांची यादी दिलेली आहे. तीत शक आहे, विक्रम आहे, मलबारचं कोल्लम आहे, नेपाळ संवत आहे, आणि फसलीसुद्धा आहे. इराणच्या सौर सनाला वेगळी खूण, फसलीला वेगळी. म्हणजे तुम्ही म्हणता तो घोटाळा कागदावर तरी टाळलेला आहे. सगळी पंचांगं राबवण्याची सक्ती मात्र प्रोसेसरवर, म्हणजे स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रोग्रामवर, नाही. एक राबवलं तरी चालतं. पण मला आवडतो तो पुढचा नियम. मागितलेलं पंचांग येत नसेल आणि प्रोसेसरने दुसरं वापरलं, तर कोणतं वापरलं ते त्याने उत्तरातच सांगायला हवं. त्यासाठी तारखेआधी चौकोनी कंसात पंचांगाची खूण छापावी, असं उदाहरणही दिलं आहे. मराठी महिने मागितले आणि ते त्याला येत नसतील, तर भाषेबद्दलही तसंच. मला सांगा, कोणत्या कचेरीत कोणता कारकून असं लिहून देतो, की ‘तुम्ही मागितलं ते मला आलं नाही, मी माझ्या समजुतीने हे घातलं’?

साशंक : नियम चांगला आहे, नाही म्हणत नाही. पण यादीत फसलीला खूण एकच आहे ना? कोणती फसली? मद्रासकडची १ जुलैला सुरू होते. जुन्या दख्खनी कागदांत साल मृगाला बदलतं. निजामाच्या सरकारचं आजूरला. उत्तरेकडच्या फसलीचा आकडा तर दख्खनीपेक्षा दोनेक वर्षांनी वेगळा. एका खुणेखाली चार पंचांगं कोंबली, तर खूण असून नसल्यासारखीच. दुसरं, तू म्हणालीस फंक्शन तारीख ‘मांडतं’. म्हणजे आधी त्याला इंग्रजी तारीख हातात द्यावी लागणार, मग ते ती फसलीत लिहून दाखवणार. मला नेमकं उलटं हवंय. कागदावर फसली आहे, त्यावरून इंग्रजी तारीख ठरवायची आहे. त्या वाटेला तुझं फंक्शन येतच नाही. अवघड ते सगळं त्याच्या दाराबाहेर उरतं, आणि ते तुम्ही कुणीतरी आपल्या हाताने लिहिलेल्या बेरजेत असतं. तिथे चौकोनी कंस कोण छापतो? आणि नुसतं ‘सन १३५७ फसली’ लिहिलंय, महिना नाही, दिवस नाही, तेव्हा काय करतेस? तुझ्या साच्याला तर दिवस हवाच असतो.

उत्साही : हा घाव बरोबर बसला. मांडणीचं फंक्शन एकाच दिशेने चालतं, आणि उलट्या दिशेचा नियम आपल्यालाच लिहावा लागतो. पण लिहायचा कसा, याची शिस्त आहे. जुने ग्रंथ आणि दस्तऐवज टॅगांत बांधण्यासाठी टीईआय नावाची पद्धत १९८७ पासून घडत आली आहे. तिच्यात तारखेला एकच उत्तर द्यावं लागत नाही. ‘याच्या आधी नाही’ आणि ‘याच्या नंतर नाही’ अशी दोन टोकं देता येतात, पंचांग कोणतं ते लिहिता येतं, आणि टॅगच्या आत मूळ अक्षरं जशीच्या तशी राहतात. तुमचं ‘सन १३५७ फसली’ तिथे तसंच राहील. सोबत टोकं येतील, ६ ऑक्टोबर १९४७ आणि ५ ऑक्टोबर १९४८. कुठली फसली हे ठाऊक नसेल तर टोकं आणखी लांब. खोटा दिवस कुठेही निर्माण होत नाही. आणि काका, तक्त्यावर विसंबणं ही काही संगणकाने आणलेली खोड नाही. बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री काय किंवा स्वामीकण्णू पिल्लै यांची कोष्टकं काय, इतिहाससंशोधकांच्या पिढ्या त्यांवरच चालल्या. स्टाइलशीटमधला तक्ता म्हणजे चालती जंत्री. फरक एवढाच, की कोणत्या नोंदीला तक्त्यातली कोणती ओळ लागली हे ती लिहून ठेवू शकते.

साशंक : जंत्री उघडणाऱ्याच्या समोर कागद असायचा. तारीख काढली, वार जुळतो का बघितलं, ऋतू जुळतो का बघितलं. सप्टेंबरातल्या नोंदीत हरभऱ्याची रास निघाली तर तो थबकायचा. तुझी चालती जंत्री न थबकता हजार नोंदींवरून जाते. पण तेही सोड. तू दोन टोकं सांभाळलीस, मूळ अक्षरं सांभाळलीस. पुढे काय होतं ते बघ. इथे हैदराबादेत आपल्या बरकतपुऱ्यात भविष्य निधीचं प्रादेशिक कार्यालय आहे. निवृत्तिवेतनाचा हक्क अठ्ठावन्नाव्या वर्षाला लागतो. अर्जावर जन्मतारखेला रकाना एकच. आबान १३५७ चा माणूस अठ्ठावन्नचा झाला २००६ ला. चुकीच्या बेरजेने २००५ ला. रकान्यात दोन टोकं लिहिता येत नाहीत. आधार काढताना दिवस ठाऊक नव्हता म्हणून १ जानेवारी लागलेले लोक तू पाहिलेस ना? आधारच्या व्यवस्थेत तारीख पडताळलेली, सांगितलेली की अंदाजे, अशी वर्गवारी आहे, हे मला माहीत आहे. पण पुढच्या खिडकीवर ती वर्गवारी कोण विचारतं? पुढे जाते ती नुसती १ जानेवारी. तुझ्या फाइलीतला संशय शेवटच्या फाइलीपर्यंत पोचतच नाही. जितकी सुबक रचना, तितक्या लवकर लोक शंका घ्यायचं सोडतात. खाडाखोड असलेला कागद निदान सावध तरी करतो.

उत्साही : पण त्या खिडकीवर आजही कुणीतरी एक तारीख काढूनच देतो ना? फरक इतकाच, की त्याने ती कशी काढली हे कुठेच लिहिलेलं नसतं. दहा जणांनी दहा तऱ्हेने काढली, तर शेजारच्या दोघांना, एकाच साली जन्मलेल्यांना, वेगळा न्याय मिळतो. मी नियम लिहिते तेव्हा तो निदान वाचता येतो, भांडता येतो. चूक असली तर सगळ्यांना सारखी चूक, आणि एका जागी सुधारण्याजोगी.

साशंक : सुधारण्याजोगी कुठवर? फाइल तुझ्या कपाटात आहे तोवर. आधारसारख्या सरकारी एक्सएमएल फाइलीवर डिजिटल सही असते. त्यातली तारीख नुसती नीटनेटकी केली, टॅग इकडचे तिकडे केले, तरी सही मोडते. म्हणजे रचना बदललेली प्रत ही पुरावा नाही, पुरावा मूळचीच. आणि बदललेल्या प्रतीवर कुणी नव्याने सही ठोकली, तर तुझा नियम कायमचा गोठला. पुढे तू तक्ता सुधारलास तरी बाहेर गेलेला कागद सुधारत नाही. त्यात या हत्याराचंही आयुष्य बघ. गुगलने २०२५ ला क्रोममधून एक्सएसएलटी काढून टाकणार म्हणून जाहीर केलं. आमचे पटवारी गेले तरी त्यांचं उर्दू वाचणारे आम्ही उरलो. तुमच्या स्टाइलशीटा उद्या कोण चालवणार?

उत्साही : ब्राउझरमध्ये होती ती १९९९ ची पहिली आवृत्तीच, तिथे ना गट, ना तारखा. आम्ही काम करतो ते दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत, सॅक्सनसारख्या प्रोसेसरवर, आणि तो ब्राउझरवर अवलंबून नाही. पण समजा तोही गेला. स्टाइलशीट स्वतःच एक्सएमएल असते, साधा मजकूर. यंत्र नसलं तरी माणसाला ती वाचता येते : आजूर ते आबान, अमुक टोकापर्यंत ५९०, पुढे ५९१. सहीचं म्हणणं मात्र मी मान्य करते. बदललेल्या प्रतीवर सही असूच नये. तिने फक्त मूळ प्रतीकडे बोट दाखवावं. आणि तुमच्या खिडकीसाठी एक सूचना आहे. एक्सएसएलटीत असा आदेश देता येतो, की अमुक परिस्थिती आली तर निरोप छाप आणि काम तिथेच थांबव. दोन टोकांतून एक तारीख निघत नसेल तर स्टाइलशीटने थांबावं, कारण सांगावं, आणि कागद माणसाकडे पाठवावा.

साशंक : आता तू माझ्या अंगणात आलीस. मग सगळीकडे थांबव की! निजामकालीन नोंदींत पूर्ण दिवस-महिना-साल असलेल्या किती निघतील? बाकीच्या प्रत्येक वेळी तुझं यंत्र थांबलं पाहिजे.

उत्साही : सगळीकडे थांबलं तर उपयोग काय? ज्याला फक्त एवढंच दाखवायचंय की आमचं घराणं मुक्तिसंग्रामाआधी त्या गावात होतं, त्याला दिवसाशी काय देणं? त्याचा कागद अडवून ठेवणं हाही अन्यायच. थांबायचं ते तिथेच, जिथे एका टोकाने हक्क मिळतो आणि दुसऱ्या टोकाने जातो. अठ्ठावन्न वर्षं दोन्ही टोकांनी पूर्ण होत असतील तर खुशाल पुढे जावं. एकाने होतात आणि दुसऱ्याने नाही, तर थांबावं. हा नियम लिहिता येतो.

साशंक : लिहिता येतो, पण कागद कशासाठी लागणार हे आधी ठाऊक असेल तर. नोंद आज उतरवली जाते. ती कुणी दाखल्यासाठी नेईल, कुणी वारसासाठी, कुणी उद्या निघणाऱ्या कायद्यासाठी. कोणतं टोक कुणाचा हक्क घालवेल हे उतरवणाऱ्याला माहीत नसतं, आणि ज्याला माहीत असतं त्या खिडकीवरच्या माणसाच्या हातात तुझी स्टाइलशीट नसते.

उत्साही : मग वाद तारखेच्या साच्याचा उरलाच नाही, काका. थांबण्याचा नियम उतरवणाऱ्याने लिहायचा की खिडकीने, एवढाच प्रश्न आहे. माझं मत, खिडकीने लिहावा आणि तो सगळ्यांना वाचता येईल असा ठेवावा.

साशंक : आणि खिडकीने तो लिहीपर्यंत? माझं मत, तोवर फाइलीतून एकेरी तारीख बाहेर पडूच नये. दोन टोकं द्या, मूळ अक्षरं द्या, आणि एक तारीख ज्याला हवी त्याने ती आपल्या सहीने काढावी. त्यात माणसाला हेलपाटे पडतील, हे मला कळतं. ते हेलपाटे मी रास्त मानतो, तू मानत नाहीस.